झाडाची नाडी पाहणारे जगदीशचंद्र बोस

मागच्या भाद्रपदात पावसाने चांगलीच ओढ दिली होती. तालुक्यातल्या एका गावी आमची शिवारफेरी चालू होती. सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत होते आणि जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. दुपारच्या उन्हात पाने मलूल होऊन खाली झुकली होती. बरोबर असलेल्या एका आजोबांनी मला विचारले की, पान सुकले म्हणजे झाडाला तहान लागली हे आपल्याला कळते, पण झाडाला स्वतःला ते केव्हा कळत असेल? आपल्या आधी की आपल्या बरोबर? मागची पोरे हसली. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर वाटले, प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता. या आणि अशाच प्रश्नांपायी आपल्या देशातल्या एका माणसाने आयुष्याची शेवटची छत्तीस-सदतीस वर्षे खर्ची घातली. ते म्हणजे सर जगदीशचंद्र बोस.

शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचे नाव वाचलेले असते. झाडांनाही जीव असतो हे सिद्ध करणारे शास्त्रज्ञ, एवढ्या एका ओळीत त्यांचे काम उरकलेले असते. आता झाडाला जीव असतो हे शेतकऱ्याला कोणी कलकत्त्याहून येऊन सांगायला नको, ते आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. बोस यांनी केलेले काम वेगळे आहे. झाडाला मार लागला, चटका बसला, थंडी वाजली, विष मिळाले की त्याच्या अंगात विजेची बारीकशी हालचाल होते आणि ती यंत्रावर मोजता येते, हे त्यांनी दाखवले. तेही फक्त लाजाळूत नाही, तर गाजर-सलगमासारख्या साध्या भाज्यांतसुद्धा. ही गोष्ट पटवून द्यायला त्यांना किती सोसावे लागले आणि त्यातले आज किती खरे ठरले, ते आजच्या लेखात बघू.

शिपायाचा मुलगा, कोळ्याचा मुलगा

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ घराणे विक्रमपूर भागातले. वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि त्यांची बरीच वर्षे फरिदपूरला गेली. त्या काळी साहेबी नोकरीतल्या माणसाचा मुलगा म्हणजे इंग्रजी शाळेत जायचा. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला गावच्या बंगाली शाळेत घातले. आधी आपली भाषा आणि आपली माणसे कळली पाहिजेत, मग इंग्रजी, असे त्यांचे मत होते.

शाळेत जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसायचा, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. पाण्यातले मासे, नदीकाठचे पक्षी, रानातली जनावरे यांच्या गोष्टी त्याला या मित्रांकडून ऐकायला मिळाल्या. पुढे त्यांनी स्वतः सांगून ठेवले की, निसर्गाकडे बघायची ओढ त्यांना या बाकावर लागली.

वडिलांची बर्दवानला बदली झाली तेव्हा त्या भागात तापाची मोठी साथ येऊन गेली होती आणि बरीच मुले अनाथ झाली होती. भगवानचंद्रांनी आपल्या राहत्या जागेत या मुलांसाठी सुतारकाम आणि धातुकामाच्या कर्मशाळा उघडल्या. जगदीशलाही तिथे हत्यारे हाताळायला मिळाली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे या माणसाची सगळी मदार स्वतः बनवलेल्या यंत्रांवर होती.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों नावाचे पदार्थविज्ञानाचे नामांकित शिक्षक होते. प्रयोग करून शिकवण्याची त्यांची पद्धत जगदीशचंद्रांच्या मनात बसली. १८८० साली ते डॉक्टरकी शिकायला लंडनला गेले. पण अंगात ताप मुरलेला होता आणि प्रेते चिरण्याच्या खोलीतला वास सहन होईना. शेवटी डॉक्टरकी सोडून ते केंब्रिजला विज्ञान शिकायला गेले. तिथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे पदार्थविज्ञानाचे आणि सिडनी वाइन्स, फ्रान्सिस डार्विन यांच्यासारखे वनस्पतिशास्त्राचे गुरू मिळाले. दोन्ही बाजूंचे शिक्षण एकाच माणसात आले, ते पुढे कामाला आले.

तीन वर्षे बिनपगारी

१८८५ साली ते परत आले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पण त्या काळी एकाच कामाला दोन पगार होते. गोऱ्या प्राध्यापकाला जेवढा पगार, त्याच्या दोन तृतीयांश हिंदी माणसाला. त्यातही बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे हिशेब केला तर गोऱ्याच्या एक तृतीयांश पगार हातात पडणार.

बोस यांनी भांडण केले नाही आणि राजीनामाही दिला नाही. वर्गावर रोज जायचे, मन लावून शिकवायचे, पण पगार घ्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षे असे चालले. आणि घरची स्थिती काय होती, तर वडील कर्जात बुडालेले. भगवानचंद्रांनी देशी उद्योग उभे राहावेत म्हणून आसामात चहाच्या मळ्यात आणि इतर धंद्यांत पैसा घातला होता, तो बुडाला. सावकाराचे देणे डोक्यावर असताना हाताशी आलेला पगार नाकारायचा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. याच काळात १८८७ साली त्यांचे अबलादेवींशी लग्न झाले. ही ओढाताण दोघांनी मिळून सोसली.

अखेर सरकारनेच माघार घेतली. त्यांची नेमणूक कायम झाली आणि मागच्या तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. तो पैसा वडिलांच्या कर्जात गेला. वडिलोपार्जित जमीनजुमला विकूनही देणे फिटले नव्हते. उरलेले देणे बोस यांनी पुढे कित्येक वर्षे पगारातून फेडले. सावकारांनी आशा सोडलेली रक्कमसुद्धा त्यांनी चुकती केली.

तारेविना घंटा आणि थकलेले यंत्र

कॉलेजात संशोधनाला प्रयोगशाळा नव्हती आणि सरकारी पैसाही नव्हता. शिकवण्याचे तास संपले की एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराला हाताशी धरून ते यंत्रे बनवू लागले. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी वयाची छत्तीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा उरलेले आयुष्य संशोधनाला द्यायचे असा त्यांनी निश्चय केला. वर्षभरातच, १८९५ साली, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी विजेच्या अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. मधे कुठे तार नव्हती. बिनतारी संदेशाच्या शोधात त्यांचे नाव घेतले जाते ते यासाठी. या शोधातून पैसा करण्याची त्यांना इच्छा नव्हती. मित्रमंडळींच्या आग्रहाने १९०४ साली त्यांच्या नावे एक अमेरिकन पेटंट निघाले, पण त्याचा त्यांनी फायदा घेतला नाही.

आता पदार्थविज्ञानाचा हा माणूस झाडाकडे कसा वळला ते बघा. लहरी पकडणारे त्यांचे यंत्र सतत वापरले की मंद व्हायचे. थोडा वेळ तसेच राहू दिले की पुन्हा पहिल्यासारखे काम करायचे. बैल थकावा आणि सावलीत बसला की ताजातवाना व्हावा, तसेच. निर्जीव धातू जर थकल्यासारखा वागतो, तर सजीवाचे काय होत असेल, आणि जनावर व धातू यांच्या मधे असलेल्या झाडाचे काय होत असेल, असा विचार त्यांच्या डोक्यात आला. १९०० साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी हा विषय मांडला आणि तेव्हापासून ते झाडांमागे लागले.

गाजर आणि काटा

प्रयोगाची कल्पना आपल्यालाही समजेल अशी सोपी होती. विजेचा अगदी बारीक प्रवाह मोजणारे एक यंत्र असते. त्याच्या दोन तारा झाडाच्या देठाला किंवा गाजराला जोडायच्या. मग एका टोकाला टोचायचे, पिळायचे किंवा ठोकायचे. ठोकले की यंत्राचा काटा हलायचा आणि थोड्या वेळाने परत जागेवर यायचा. पुन्हा ठोकले की पुन्हा हलायचा. फार वेळा ठोकले तर हालचाल कमी व्हायची, विसावा दिला की पुन्हा वाढायची. गुंगीचे औषध दिले की मंदावायची. आणि तोच देठ कढत पाण्यात घालून मारला, की कितीही ठोका, काटा जागचा हलायचा नाही.

ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. जिवंत असताना हलणारा काटा मेल्यावर हलत नाही, म्हणजे ती वीज जिवंतपणाची खूण आहे, यंत्रातला दोष नाही. नुसते जिवंत झाड बघून ते थांबले असते, तर शंका राहिली असती. आपण खताची चाचणी घेताना शेजारी बिनखताची ओळ ठेवतो ना, तसाच हा प्रकार.

लंडनचा नकार

१९०१ च्या मे महिन्यात बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे प्रयोग करून दाखवले आणि लोकांनी कौतुक केले. पण जूनमध्ये रॉयल सोसायटी या सर्वांत मोठ्या विज्ञानसंस्थेपुढे निबंध वाचला, तेव्हा वेगळेच घडले. तिथे सर जॉन बर्डन सँडरसन नावाचे वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ होते. कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या झाडात वीज असते हे त्यांनीच १८७३ साली दाखवले होते. म्हणजे या विषयातले ते अधिकारी पुरुष. त्यांचे म्हणणे असे की, हलणाऱ्या झाडात वीज असते हे ठीक आहे, पण साध्या झाडात ती असणे शक्य नाही. शिवाय पदार्थविज्ञानाच्या माणसाने शरीरशास्त्रात येऊन बोलावे हेही त्यांना रुचले नाही. निबंधाच्या मथळ्यातले शब्द बदला, अशी सूचना झाली. जे डोळ्यांनी दिसले त्याचे नाव बदलायला बोस तयार झाले नाहीत. निबंध छापला गेला नाही, संस्थेच्या दप्तरात पडून राहिला.

परक्या देशात, एकट्या माणसाला, त्या विषयातल्या सर्वांत मोठ्या माणसाने खोटे ठरवायचे म्हणजे काही थोडे नाही. पण इथे बोस यांनी दोन गोष्टी केल्या. १९०२ साली लिनियन सोसायटी या दुसऱ्या संस्थेने त्यांचे काम स्वीकारले. त्यांचे केंब्रिजचे गुरू वाइन्स यांचे त्या संस्थेत वजन होते. आणि दुसरे म्हणजे, नियतकालिके छापत नाहीत तर आपण पुस्तके लिहायची, असे ठरवून त्यांनी एकामागून एक जाड ग्रंथ काढले. या लिखाणात भगिनी निवेदितांनी त्यांना फार मदत केली. मित्र रवींद्रनाथ टागोर यांनी त्रिपुराच्या महाराजांकडून पैशाची सोय करून दिली.

शंका घेणाऱ्यांचे मुख्य म्हणणे असे होते की, झाडाची हालचाल इतकी बारीक असते की माणसाच्या हाताने नोंदताना चूक होणारच. मग बोस यांनी ठरवले की झाडाने स्वतःच लिहायचे. त्यांनी अशी यंत्रे बनवली की झाडाला जोडलेली हलकी काडी काजळी धरलेल्या काचेवर टिंबे उमटवीत जाते. काडी काचेवर घासत राहिली तर झाडाला ओढ बसते, म्हणून ती थरथरत ठराविक वेळाने फक्त टेकते. दोन टिंबांमधला वेळ सेकंदाचा लहानसा अंश. पुढे त्यांनी क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवले. झाडाची वाढ ते दहा हजार पटीने मोठी करून दाखवायचे. आपण आठ दिवसांनी बघतो तेव्हा ऊस वाढलेला दिसतो, पण या यंत्रावर रोपाची वाढ काही मिनिटांत दिसू लागे. खत, थंडी, ऊब, विजेचा धक्का यांनी वाढ वाढली की थांबली, हे तिथल्या तिथे समजे. एका मर्यादेपर्यंत चेतना देणारी गोष्ट मर्यादेबाहेर गेली की वाढ रोखते, हेही त्यांनी नोंदले. ही सगळी यंत्रे कलकत्त्यात, आपल्याच कारागिरांच्या हातून तयार झाली.

फरिदपूरची खजुरी

याच काळातली एक हकिकत खास आपल्या गावांसाठी सांगण्यासारखी आहे. बोस यांचे बालपण गेले त्या फरिदपूरच्या बाजूला एक तिरके वाढलेले खजुरीचे झाड होते. संध्याकाळी देवळात आरतीच्या घंटा वाजू लागल्या की ते झाड मान खाली घालून जमिनीला टेकायचे आणि सकाळी पुन्हा वर उठायचे. झाड देवाला नमस्कार करते म्हणून लांबलांबून लोक यायला लागले, नवस बोलायला लागले.

बोस यांनी लोकांची टिंगल केली नाही आणि ती गोष्ट थाप म्हणून सोडूनही दिली नाही. त्यांनी झाडाला नोंद घेणारे यंत्र जोडले आणि दिवसरात्र नोंद ठेवली, शेजारी तापमानाचीही नोंद ठेवली. दोन रेषा जुळवून बघितल्या तर उलगडा झाला. ऊन वाढेल तसे झाड खाली जात होते, गारवा येईल तसे वर उठत होते. घंटा वाजायच्या वेळेला ते खाली झुकलेले असायचे एवढेच. मग इतर झाडे तपासली, तर अशी हालचाल थोड्याफार प्रमाणात त्यांच्यातही मिळाली. ही खजुरी तिरकी असल्याने तिची हालचाल डोळ्याला दिसत होती. पुढे ते झाड मेले आणि त्याचा नमस्कारही थांबला. लोकांना दिसले ते खरेच होते, कारण मात्र वेगळे निघाले. आणि ते कारण वाद घालून सापडले नाही, मोजून सापडले.

विज्ञान मंदिर

१९१५ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर ही संशोधन संस्था उघडली. आयुष्यभराची मिळकत त्यांनी त्यात घातली, देशभरातून देणग्या आल्या, त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही हात होता. ही संस्था आजही चालू आहे. त्यांचे मोठे चरित्र १९२० साली पॅट्रिक गेडेस यांनी लिहिले. हे गेडेस त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

त्याच साली लंडनमध्ये पुन्हा वाद उठला. त्यांच्या यंत्रांवर जाहीर शंका घेतली गेली. बोस यांनी एप्रिल १९२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शास्त्रज्ञांच्या मंडळासमोर यंत्रे मांडून प्रयोग करून दाखवले. नोंदी बरोबर असल्याचे मंडळींनी वर्तमानपत्रात सही करून जाहीर केले. आणि ज्या रॉयल सोसायटीने १९०१ साली निबंध दप्तरात टाकला होता, तिनेच १९२० साली त्यांना आपले सभासद करून घेतले. मधे एकोणीस वर्षे गेली होती. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशी वर्षे पुरी व्हायला आठवडाच उरला होता.

कुठे चुकले, कुठे बरोबर

थोर माणसाबद्दल लिहिताना सगळे चांगलेच लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. पण खुद्द बोस यांना ते आवडले नसते, म्हणून हेही सांगतो. झाडात जनावरासारख्या नसा असतात, असे ते मानत. तशा नसा झाडात नाहीत, मेंदूही नाही. मुळांतून पाणी शेंड्यापर्यंत चढते ते आतल्या पेशी हृदयासारख्या धडधडतात म्हणून, असा त्यांचा सिद्धान्त होता, तोही टिकला नाही. पानांतून बाष्प उडते आणि त्याच्या ओढीने पाण्याची अखंड दोरी वर खेचली जाते, हे आज मान्य झालेले कारण आहे. झाड आपल्यासारखे रडते, त्याला गाणे समजते, असल्या गोष्टी बोस यांच्या नावावर खपवल्या जातात. तशी औषधे किंवा यंत्रे कोणी विकायला आला तर हात आखडता घ्यावा.

पण त्यांचा गाभ्याचा मुद्दा टिकला. झाडाची प्रत्येक पेशी एखाद्या लहानशा बॅटरीसारखी असते. पेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचे भारित कण सारखे नसतात. त्यामुळे आतल्या बाजूला साधारण एक ते दोन दशांश व्होल्ट इतका ऋण दाब असतो. इजा झाली, गार वारा लागला की पेशीच्या पडद्यातली दारे उघडतात. कॅल्शियम आत शिरते, क्लोराइड आणि पोटॅशियम बाहेर पडते आणि दाब क्षणभर बदलतो. हा बदल शेजारच्या पेशीला, तिथून पुढच्या पेशीला, असा अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांमधून पुढे जातो. आपण पालाश म्हणून जे खत देतो, त्यातलेच हे पोटॅशियम. लाजाळूच्या पानाच्या देठाशी फुगीर गाठ असते. संदेश तिथे पोचला की तिच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि त्यामागे पाणी बाहेर जाते, गाठ ढिली पडते आणि पान मिटते.

१९९२ साली टोमॅटोवर असे दिसले की, एका पानाला इजा केली तर विजेचा संदेश दुसऱ्या पानाकडे जातो आणि तिथे किडीचे पचन बिघडवणारा पदार्थ तयार होऊ लागतो. १९९८ साली मक्याचे असे दिसले की, सुकत्या जमिनीला पाणी दिले की मुळांकडून पानाकडे विजेचा संदेश जातो आणि पानाचा श्वासोच्छ्वास वाढतो. २०१३ साली स्वित्झर्लंडमध्ये मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपात हे संदेश पुढे नेणारे जनुक सापडले. २०१८ साली अमेरिका आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी अळीने पान कुरतडताच कॅल्शियमची लाट झाडभर पसरताना प्रकाशाच्या रूपात दाखवली. २०२२ साली जपानमध्ये लाजाळूवर असे आढळले की, जी पाने मिटू शकत नाहीत ती टोळ जास्त खातात. म्हणजे पान मिटणे हे लाजणे नव्हे, तो बचाव आहे. सलगमात वीज शक्य नाही म्हणणारे मागे पडले आणि बोस यांचा काटा खरा ठरला.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर

आता आजोबांकडे वळू. झाडाला तहान केव्हा कळते? आपल्या आधी कळते. जमीन सुकायला लागली की मुळांकडून पानाकडे निरोप जायला लागतात. काही निरोप विजेचे असतात, काही रसायनांचे, काही पाण्याच्या दाबाचे. पान झुकण्याच्या आधीच त्याची तोंडे अर्धवट मिटलेली असतात, वाढ मंदावलेली असते. आपल्याला मलूल पान दिसते ती शेवटची खूण. संत्र्याच्या बागेला आपण बहारासाठी मुद्दाम ताण देतो तेव्हा हेच वापरतो, फक्त तिथे ताण आपल्या हिशेबाने असतो. फुलोऱ्यातल्या किंवा शेंगा भरणाऱ्या सोयाबीनला तो नको तेव्हा बसला तर नुकसान होते.

म्हणून पाणी देण्याचा निर्णय पानावर सोडू नये, मातीवर घ्यावा. मुळे जिथपर्यंत जातात तिथली मूठभर माती काढावी आणि दाबून बघावी. भारी जमिनीत लाडू वळला आणि तो बोटाने दाबल्यावर तुटला नाही, तर ओल आहे. लाडू वळतच नसेल तर पाण्याची वेळ टळत चालली आहे. दुपारी मान टाकलेले झाड संध्याकाळी ताठ झाले तर घाई नको. सकाळी उठल्यावरही मलूल दिसले, तर मात्र उशीर झाला असे समजावे. आणि ही नोंद रोज एका वहीत लिहून ठेवावी. पाच-सहा ओळी पुरतात. तारीख, माती, पान, पाऊस, पाणी. दोन हंगामांनी ती वही आपल्या जमिनीबद्दल आमच्यासारख्यांपेक्षा जास्त सांगेल.

ग्रामपंचायतीला आणि शाळेला एक सुचवावेसे वाटते. ३० नोव्हेंबरला बोस यांची जयंती असते. हार-भाषण जरूर करावे, पण कुंडीत एक लाजाळू लावून मुलांना पानाच्या टोकाला हळूच बोट लावायला सांगावे आणि मिटण्याची लाट देठापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायला लावावे. अंतर पट्टीने मोजावे, भागाकार करावा, आकडा फळ्यावर लिहावा. सावलीत वेगळा येतो का, उन्हात वेगळा येतो का, तेही बघावे. फरिदपूरच्या शाळेत कोळ्याच्या मुलाशेजारी बसलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे त्या मुलांना मग सांगावे.

आजोबांना यंदाच्या फेरीत हे उत्तर द्यायचे ठरवले आहे. मागच्या वर्षी हसलेल्या पोरांनाही त्या दिवशी बोलावणार आहे.